लाख लावलेली काडतुसं

दुनळी जास्त भरवशाची की रायफल, हा वाद मी इतक्या पुरुषांच्या तोंडून ऐकलाय की आता कोणी सुरू केला की पुढची वाक्यं मला पाठ असतात. सोसायटीच्या गच्चीवर, लग्नाच्या पंगतीत, बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांबाहेर चहा पिताना, जिथं एक निवृत्त फौजी आणि एक कोकणातला माणूस शेजारी बसला तिथं हा विषय निघणारच. बोट चाप ओढल्यासारखं वाकतं, एक डोळा बारीक होतो, आवाज चढतो. यातल्या बहुतेकांनी शेवटची बंदूक धरलेली असते ती जत्रेत फुगे फोडायला. आणि मी मध्ये बोलले की म्हणणार, "ताई, तुम्ही पत्रकं लिहा. हा विषय राहू दे."

राहू कसा दे? मी दोन्ही उडवल्यात. दोन्हींचा धक्का खांद्यावर घेतलाय. आणि दोन्हींच्या भरवशावर माझे वडील उभे होते, न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर. आता ते तिथं नाहीत, म्हणून हे लिहिता येतंय. ते असताना लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते पुढं येईलच.

मी सुरक्षारक्षकांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. पत्रकं मी लिहिते, सायक्लोस्टाइलवर मीच काढते, गेटवर उभी राहून मीच वाटते. पत्रकाची एक सवय लागते माणसाला. 'कदाचित' लिहायचं नाही, 'एका अर्थी' लिहायचं नाही. कोण, काय, कुणाच्या जिवावर, एवढंच लिहायचं. तसंच लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याकडचे. गावी न जाता नेरुळला सेक्टरमधल्या दोन खोल्यांत आले, कारण माझं कॉलेज. त्यांचा जीव रायफलीत. थ्री-नॉट-थ्री म्हटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा जसा माझ्या लहानपणी मी पहिली आल्यावरही कधी झाला नाही. रायफल बर्फात चालते, चिखलात चालते, वाळूत चालते, फक्त तिची सेवा करावी लागते, असं ते म्हणायचे. 'सेवा' हा शब्द. आईला ताप आला तर स्वतःचा चहा स्वतः करून प्यायचे, पण आईला विचारायचं राहून जायचं. सेवा रायफलीची.

माझी रायफलीशी ओळख वाशीच्या कॉलेजात झाली. तिथं छात्रसेना होती, आणि मला खाकी कपडे आवडले म्हणून मी नाव घातलं. आम्हा मुलींना पॉइंट टू-टूची रायफल द्यायचे. सतरंजीवर पालथं पडायचं, दस्ता खांद्यात रुतवायचा आणि डोंगराच्या पायथ्याला लावलेल्या कागदावर नेम धरायचा. रायफली जुन्या होत्या, गोळ्या त्याहून जुन्या. चाप ओढला की बऱ्याचदा नुसतं 'टक' व्हायचं. आमचे उस्ताद हरियाणाचे. ते ओरडायचे, "नहीं चली? हाथ उठाओ! राइफल सामने! हिलना नहीं!" बार उडाला नाही तर नळी समोर ठेवून गप पडून राहायचं, कारण गोळी कधीकधी उशिरा पेटते. मुली हसायच्या. मी पण हसायचे. हरभऱ्याएवढ्या गोळीला एवढी भीती कसली, असं वाटायचं.

एका शिबिरात थ्री-नॉट-थ्री मिळाली. पावसात भिजलेली, लाकूड फुगलेलं. उडाली दर वेळी, एकदाही चुकली नाही. पण नेम धरला होता त्याच्या वीतभर डावीकडं लागत गेली. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "लाकूड फुगलं की नळीला रेटतंय ते. रायफलीची चूक न्हाय. कोतमधल्या माणसाची, हत्यारं सांभाळतोय त्याची चूक." रायफलीची चूक कधीच नसायची.

दुनळी मी उडवली ती मामाच्या मळ्यात. उसात डुकरं यायची म्हणून मामाकडं परवाना होता. दुनळी म्हणजे यंत्र म्हणायचं तर दाराच्या कडीएवढं सोपं. खटका दाबा, मधून मोडा, दोन काडतुसं घाला, मिटा. एक बार नाही उडाला तर शेजारी दुसरा आहेच. बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. माझ्या हातून दोन्ही बार व्यवस्थित उडाले, डुकराला काही झालं नाही, मला मात्र आठवडाभर डाव्या कानानं ऐकू कमी आलं. म्हणजे नुसती वस्तू म्हणून विचाराल तर माझं मत दुनळीला. रायफल लाड मागते, दुनळी मागत नाही. हे मी घरी बोलले तेव्हा अण्णा ताटावरून उठायचेच बाकी होते.

खालच्या मजल्यावरचे कोकणातले काका मात्र खूश झाले. त्यांच्या गावच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक. गच्चीवर ते अण्णांना मुद्दाम डिवचायचे. "हवालदारांनू, तुमची रायफल एक मारता आणि चुकता. आमची ठासणीची एकदा उडली की समोर काय शिल्लक रवत नाय."

"मागं पण शिल्लक राहत न्हाय," अण्णा म्हणायचे. "उडवणारा बी जातोय."

"पण भरवसो आसा!"

"मरायचा."

आणि मग सगळी गच्ची हसायची. मीही हसले असेन. यार्डाची बंदूक तोवर पाहिली नव्हती.

यार्डात अण्णांना लावलं ते एका सिक्युरिटी एजन्सीनं. एजन्सीच्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणायचे. फौजेतला कॅप्टन की जहाजावरचा की कॅरमच्या टीमचा, हे कोणी विचारलं नाही. गेटवर दोन प्रकारचे लोक असत. काठीवाले आणि गनमॅन. काठीवाल्याला ड्रायव्हर "ए भाय" म्हणत, गनमॅनला "साब" म्हणत. काठीवाला उन्हात, गनमॅनला टपरीएवढी का होईना केबिन. पन्नाशी उलटलेल्या हवालदाराला त्या 'साब'ची किंमत किती होती, ते आम्हाला घरात दिसत होतं. जायच्या आधी स्वतः इस्त्री करायचे. आईला हात लावू द्यायचे नाहीत.

बंदूक यार्डाच्या मालकीची, एक जुनी दुनळी. परवान्यावर अण्णांचं आणि दुसऱ्या पाळीच्या गनमॅनचं नाव सांभाळणारे म्हणून. रायफलीच्या माणसाच्या गळ्यात दुनळी बांधलेली. पण अण्णांनी सही करून घेतली.

आता या बंदुकीची रीत ऐका, कारण सगळी घाण त्या रीतीत आहे. ड्यूटीवर बंदूक भरलेली पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पाळी बदलताना मात्र ती रिकामी करूनच दुसऱ्याच्या हातात द्यायची, हा कॅप्टनचा नियम. नियम चांगलाच आहे. पण काडतुसं तीच. रोज सकाळी तीच दोन काडतुसं नळीत घालायची, संध्याकाळी तीच काढायची, दुसऱ्यानं तीच घालायची. वर्षानुवर्षं. नवीन मागितली की एजन्सीचा उलटा सवाल: "जुनी उडवली का? नाही ना? मग संपली कुठं?" न उडवलेलं काडतूस संपत नाही, असं यांचं गणित. तांदूळ शिजवले नाहीत तर ते कुजत नाहीत, असं म्हणण्यासारखं.

आणि हवा कुठली, तर खाडीची. वर्षभर खारट, ओली. काडतुसं कागदी. कागद फुगला होता, अंगठ्यानं दाबून दाबून नळीत बसवावा लागायचा. पितळेच्या बुडावर हिरवट बुरा चढलेला. तोंडावरची पुठ्ठ्याची चकती रोजच्या घालण्याकाढण्यानं सैल झालेली.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, अण्णांचा डबा राहिला म्हणून द्यायला गेले तेव्हा. पाळी बदलत होती. दुसरा गनमॅन तिथलाच, शिरवणे गावचा. बापजाद्यांची भातशेती आणि मिठागर, दोन्ही नव्या शहरात गेलं. त्याच्या वाट्याला आली ही बंदूक. हसरा माणूस, अण्णांना "हवालदार" आणि मला "बाय" म्हणायचा. त्यानं काडतूस काढून तळहातावर धरलं तर तोंडाशी तांबडा लाल गोळा. कुंकवाचा ठसा असावा तसा.

"हे काय लावलंय, काका?"

"लाख हाय, बाय. यो पुट्टा सैल झाला नं, छर्रं गलाय लागलं खिशान. मंग मीनी लाख लावली. कस्टमवालं सँपलच्या पुड्यांना लावतान, तीच. आता बग, एक छर्रा गलनार नाय."

"लावली कशी?"

"कशी म्हंजे? मेनबत्तीवर इतलवली न वतली."

दारू भरलेलं काडतूस एका हातात, पेटती मेणबत्ती दुसऱ्या हातात. आणि चेहऱ्यावर असं समाधान की घराचं गळकं छप्पर शाकारलं. मला त्याचा राग आला नाही. त्यानं वस्तू टाकून न देता दुरुस्त केली, त्याच्या घरात सगळ्याच वस्तू अशा दुरुस्त होत असतील. राग आला तो ज्या माणसानं त्याला दुरुस्त करायला लावलं त्याचा. आणि त्याहून जास्त अण्णांचा. ते शेजारी उभे राहून पाहत होते. रायफलीची सेवा शिकवणारे हवालदार.

घरी आल्यावर मी तडकले. "अण्णा, ही बंदूक आहे की पार्सल? उद्या संघटनेतर्फे लेखी देते मी. नवीन काडतुसं द्या, नाहीतर बंदूक काढून घ्या."

"काढूनच घेतील." अण्णा शर्टाची घडी घालत होते. "आन् मला काठीवर टाकतील. तुला तेवढंच पायजे का?"

"आणि खरंच कोणी आलं कंटेनर फोडायला तर? नाही उडाली तर?"

"कोण बघतंय उडती का न्हाय. बंदूक दिसली की लोक लांब ऱ्हातात."

"आणि उडाली तर?"

आई आतून म्हणाली, "जेवायला बसा आता, बंदुका बाजूला ठेवून." मी लेखी दिलं नाही. काठीवर जाणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं.

मग कॅप्टनच्या डोक्यात प्रात्यक्षिक आलं. आणखी दोन यार्डांचे मालक गिऱ्हाईक म्हणून येणार होते, त्यांना आपले लोक किती तयार आहेत ते दाखवायचं. माहितीपत्रकासाठी फोटोग्राफरही येणार. शिवाय कॅप्टनला कुठून तरी कळलं होतं की हवालदाराची पोरगी रायफल उडवते. "लेडी गार्ड! हवालदार, आणा तिला. युनिफॉर्म आम्ही देऊ. एक बार, एक फोटो." अण्णांनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. "फोटोपुरतं ये," म्हणाले.

मी गेले. फोटोसाठी नाही. ती काडतुसं कोणी गिऱ्हाइकांसमोर आणतंय का, ते बघायला गेले.

रविवारची सकाळ. यार्डाच्या मागं खाडीचा चिखल, पलीकडं तिवरं. चिखलाच्या काठाला एक प्लायवूडचा तक्ता उभा केलेला, त्यावर डांबरानं माणूस रंगवलेला. अलीकडं टेबल, पांढरं कापड, थंड पेयाच्या बाटल्या, वेफर. गिऱ्हाइकं खुर्चीत पाय पसरून. इथं बार काढायला परवानगी घेतलीत का, असं मी विचारलं तर कॅप्टन म्हणाले, "सगळीकडे सांगितलंय, बेटा." 'सांगितलंय' हा शब्द या शहरात किती कामं करतो.

मला दिलेला युनिफॉर्म कुणाच्या तरी घामाचा होता. बंदूक हातात दिली, काडतुसं दिली. दोन्हींच्या तोंडाला लाख.

"ही मी घालणार नाही," मी म्हटलं.

"क्या हुआ?" खुर्चीतला एक.

"काही नाही, काही नाही," कॅप्टन हसले. "मुलगी आहे, घाबरली. पहिल्यांदा होतं."

"घाबरले नाही. याच्या तोंडाला लाख आहे. काडतूस आहे की कस्टमचं सँपल?"

फोटोग्राफर हसला. कॅप्टनचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे अण्णांकडं गेले. तेवढंच. आणि अण्णा पुढं आले, माझ्या हातातून बंदूक काढून घेतली, म्हणाले, "मागं हो."

"अण्णा, नका."

"मागं हो म्हणतोय ना."

मी मागं झाले. दुसरं काय करणार होते? पत्रक वाटणार होते तिथं?

त्यांनी दोन्ही काडतुसं अंगठ्यानं दाबून बसवली, बंदूक मिटली, खांद्याला लावली. उजवा चाप ओढला. टक.

गिऱ्हाइकांत खसखस पिकली. अण्णा तसेच उभे. नळी समोर, गाल दस्त्याला, श्वासही हलत नव्हता. मला कळलं ते काय करताहेत. बाकी कुणाला कळलं नाही.

"अरे हवालदार, मोडा की! दुसरं घाला!" कॅप्टन.

अण्णा उभे.

"झोप लागली का? मोडा!"

यार्डात रोज दोनदा मोडली जाणारी बंदूक, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं मोडणं म्हणजे तिचं मुख्य काम. त्या क्षणी उशिरा पेटायला टेकलेलं काडतूस उघडलं असतं तर ते अण्णांच्या डोळ्यांसमोर उघडलं असतं. खुर्चीतला एकजण वेफर खात होता. त्याचा तो कुरुम कुरुम आवाज मला अजून ऐकू येतो, आणि अजून त्या माणसाच्या तोंडात हात घालून ते वेफर बाहेर काढावेसे वाटतात.

पुरेसं थांबून, नळी न हलवता, अण्णांनी डावा चाप ओढला.

हा उडाला. पण दुनळीचा बार मला माहीत होता, तो असा नव्हता. जाड, दाबलेला आवाज, जणू कोणी भरलेल्या पिंपावर घण घातला. अण्णा अर्धं पाऊल मागं सरकले. धूर हटल्यावर डांबरी माणसाच्या छातीत मुठीएवढं एकच भोक होतं. छर्रे पसरल्याच्या खुणा नाहीत, काही नाही. आरपार. मागं चिखलात लांबवर काही तरी थडकून चिखल वर उडाला.

आणि गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"क्या पावर है, कॅप्टन साब! एक ही होल!"

"आमच्या वेपन्समध्ये कॉम्प्रमाइज नाही, सर," कॅप्टन म्हणाले. खरंच म्हणाले. फोटोग्राफरला हाताला धरून त्या भोकाकडं घेऊन गेले.

अण्णा बंदूक खाली करून डाव्या तळहाताकडं बघत होते. नळीखालचं लाकूड उभं तडकलं होतं, त्याची एक ढलपी हातात घुसली होती. मी रुमाल धरला. रक्त फार नव्हतं. नळीच्या पुढच्या भागाला बोट लावून त्यांनी मला दाखवलं. लोखंड फुगलं होतं. सापानं उंदीर गिळल्यावर दिसतो तसा फुगवटा.

"लाख आत उतरली," ते हळू म्हणाले. "छर्रं सगळं चिकटून गोळा झाला त्याचा. थोडं जास्त आडलं असतं तर..."

गच्चीवरचे सगळे वाद तेव्हा आठवले मला. दुनळीचे छर्रे थोड्या अंतरावर गळून पडतात, कुणाला लांबवर लागत नाहीत, म्हणून गेटवर दुनळीच सुरक्षित, असंही तिथं कोणी छातीठोक सांगितलं होतं. त्याला त्या चिखलात नेऊन उभं करायला हवं होतं.

शिरवण्याचे काका दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले. बसले नाहीत. दारातच उभे. "हवालदार, माज्या हातानं झालं कं ये?"

अण्णा म्हणाले, "न्हाय रं. जुनी होती." आणि आईला चहा टाकायला सांगितला. हा माणूस स्वतःच्या फाटलेल्या हातानं त्याला पाठीवर थोपटत होता, आणि कॅप्टननं मात्र एकदा फोनसुद्धा केला नाही. हात कसा आहे, एवढं विचारायला काय लागतं? तोंड लागतं.

दोन्ही यार्डांचं काम एजन्सीला मिळालं. त्या भोकावर मिळालं.

फुगलेली बंदूक कोणाला दाखवायची तर प्रश्न निघाले असते, म्हणून ती कपाटात गेली. गेटवर बंदूक तर हवी. यार्डाच्या मालकाकडं शिकारीची एक रायफल होती, घरात शोभेला ठेवलेली. परवान्यावर सांभाळणारा म्हणून अण्णांचं नाव चढवून घेतलं आणि रायफल त्यांच्या खांद्यावर आली. गोळ्या आल्या नाहीत. "गोळ्या माझ्याकडे सेफ आहेत," मालक म्हणाला. "लागल्या तर सांगा."

लागल्या तर सांगा! कंटेनरचं सील तोडणाऱ्याला म्हणायचं, थांब रे, साहेबांना फोन लावतो, ते जेवत असतील तर जरा बस.

मला वाटलं, आता तरी अण्णा बोलतील. थ्री-नॉट-थ्रीचा माणूस, रिकामी रायफल घेऊन उभा राहणार नाही. आणि अण्णा पहिल्या दिवशी घरी आले ते खूश होऊन. "बोल्ट बघायला पायजे होतीस तू. लोण्यासारखा सरकतोय. कधी कुणी चिंदीच मारली न्हाय बिचारीला, म्या मारली." नळी पुसायची दोरी, फुल-थ्रू, कुठून तरी पैदा केली होती. तेलाची बाटली आईच्या शिवणयंत्राची. रोज ड्यूटीवर जाऊन त्या रिकाम्या नळीची सेवा.

मला किळस आली. सांगतेच सरळ. माझ्या बापाची किळस आली मला.

"गोळी नाही त्यात, अण्णा!"

"मग?" ते म्हणाले. "निदान फुटणार तरी न्हाय."

पट्टी बांधलेला हात मांडीवर होता. मी पत्रक लिहायला बसले. काडतुसं कशी होती, हात कसा फाटला, टाळ्या कोणी वाजवल्या, सगळं घेतलं. यार्डाचं नाव घेतलं, एजन्सीचं घेतलं. आणि शेवटी जाड अक्षरात: 'आजही या गेटवरच्या रायफलमध्ये गोळी नाही. चौकीदाराच्या जिवाची किंमत मालकाला एवढीच!' पत्रक म्हणून ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. शेवटची ओळ तर अशी होती की वाचणारा कागद खाली ठेवूच शकत नाही.

अण्णांनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून वाचलं. चष्मा लावून, सावकाश, सगळं. हाताबद्दलचं वाचून पुढं गेले. मला वाटलं होतं नोकरीबद्दल बोलतील, ओरडतील. शेवटाला आले आणि बोट ठेवलं.

"एवढी ओळ काढ."

"खरं आहे ना ते?"

"खरं हाय म्हणून तर काढ. कंटेनर फोडणाऱ्यालाबी मराठी वाचता येतंय, पोरी."

"म्हणजे बाकी छापू?"

"छाप. काठीवर टाकू देत. पण टाकीस्तोवर म्या तिथं उभा हाय. त्यांना कळलं रिकामी हाय, तर पहिल्यांदा मलाच..." आणि आई भाजी ढवळत होती म्हणून थांबले.

इतकी वर्षं पत्रकं लिहून मला एवढं ठाऊक होतं की मालकाला जे लपवायचंय ते छापायचं. इथं मालकाला जे लपवायचं होतं तेच माझ्या बापाचं चिलखत होतं. असली घाणेरडी अडचण मी कुठल्या मीटिंगमध्ये ऐकली नव्हती. ओळ काढली. स्टेन्सिलवर ती जागा कोरी राहिली तर तिथं 'संघटित व्हा' घातलं. 'संघटित व्हा' कुठंही बसतं.

पत्रकं घेऊन मी यार्डाच्या गेटवर उभी राहिले. ट्रेलरची रांग लागलेली, ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करत होते. कागद घेत होते, काही वाचत होते, काही बसायला खाली घालत होते. अण्णा केबिनबाहेर रायफल खांद्याला लावून. आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो. कॅप्टनची गाडी आत येताना दिसली तसे ते माझ्याकडं आले आणि परक्या माणसाशी बोलावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, गेटसमोर उभं राहू नका. तिकडं लांब व्हा."

जन्मात त्यांनी मला 'बाई' म्हटलं नव्हतं. मी लांब झाले. गाडी आत गेली.

एक ड्रायव्हर पत्रक वाचत माझ्याजवळ आला. नगरकडचा असावा, बोलण्यावरून. वाचता वाचता त्याचं लक्ष हाताला पट्टी बांधलेल्या गनमॅनकडं गेलं, मग रायफलीकडं. शेजारी त्याचा क्लीनर आणि आणखी दोघं तिघं होते. ओळखीचे एकही नाही.

"ताई, ही नवी बंदूक दिली का त्यांनला मग?"

"हो."

"ही तरी चालती का? का हिलाबी लाख लावलेली?"

सगळे हसले. आणि माझ्या उत्तराकडं कान देऊन थांबले. कोणी सहज थांबलं असेल. कोणी सहज थांबलं नसेलही.

मी वर बघितलं. अण्णा ऐकत होते. त्यांचा अंगठा रायफलीच्या पट्ट्यात अडकला होता आणि मान सरळ होती.

"चालते," मी म्हटलं. "रायफल आहे ती. भरलेली आहे. काल सकाळीच मागं खाडीत उडवून बघितली त्यांनी."

"मंग ठीक हाय," ड्रायव्हर म्हणाला, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.